‘ओढ्याला पूर’मधला पूर कुठे गेला?

रोज सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकातले पाणी मोजपात्रात ओतायचे, मि.मी.चा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा, हा उपक्रम अनेक शाळांमध्ये चालतो. आमच्याकडे तो १ जून २०१२ पासून चालू आहे. पाऊस नसला तरी शून्य लिहायचे, एकही दिवस सोडायचा नाही, असा नियम आहे. आकड्याशेजारी शेऱ्याचा एक रकाना आहे. त्यात मुले ‘गारा’, ‘धुके’, ‘विजा व गारा’ असे काही काही लिहितात. पुढे या नोंदी संगणकावर घेतल्या आणि त्या सांभाळण्यासाठी आम्ही पायथन भाषेत एक छोटी आज्ञावली लिहिली.

२०२३ च्या जूनमध्ये मुलांनी प्रश्न काढला : आपल्या ओढ्याला आजवर कितीदा पूर आला? सगळ्या शेऱ्यांमध्ये ‘पूर’ हा शब्द शोधायला सांगितले, तेव्हा आज्ञावली ५ ऑगस्ट २०१९ च्या नोंदीपाशी अडखळून बंद पडली. फाइल उघडून पाहिली तर शेऱ्याच्या जागी ‘ओढ्या’ एवढेच होते आणि त्यापुढे चौकटीतले एक प्रश्नचिन्ह. ती ओळ इतर ओळींपेक्षा लांबलचक आणि तिच्या खालची अगदी आखूड दिसत होती, पण तिकडे आम्ही लक्ष दिले नाही. कागदी वहीत मात्र त्या तारखेला स्वच्छ अक्षरात ‘ओढ्याला पूर’ असे लिहिलेले होते.

पहिला संशय अर्थातच टंकणाऱ्या मुलांवर गेला. दुसरा गेला शेऱ्याच्या लांबीवर. दोन्ही चुकीचे होते. दोष आमच्याच आज्ञावलीत होता, आणि तो सापडला तो दोष शोधताना नव्हे, तर आज्ञावलीची आवरसावर करताना. ही आवरसावर कशी केली, ते सांगण्याआधी आज्ञावली काय करत होती ते पाहू.

डिस्कवर मांडलेली रांग

एकसारख्या वस्तूंची क्रमांक लावलेली रांग म्हणजे ॲरे. हजेरीपटात जसा प्रत्येक मुलाला क्रमांक असतो आणि अठरावा मुलगा म्हटले की आपण थेट अठराव्या ओळीकडे जातो, तसेच येथे असते. फरक एवढाच की बहुतेक संगणकभाषांत पहिल्या घराचा क्रमांक शून्य असतो. तसा का असावा, यावर एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९८२ साली एक सुंदर टिपण लिहिले आहे. आपल्या कामापुरते कारण साधे आहे. प्रत्येक घर सारख्याच मापाचे असेल, तर कोणत्याही घराची जागा एका गुणाकाराने कळते : रांगेची सुरुवात अधिक क्रमांक गुणिले घराचे माप. पहिल्या घराचा क्रमांक शून्य धरला की हे गणित बेरीज-वजाबाकीची खोट न येता जुळते.

ॲरे सहसा संगणकाच्या स्मृतीत, म्हणजे मेमरीत असतो. वीज गेली की तो जातो. डिस्कवरची फाइल टिकते, पण तिथे चौकटी कंस लिहून हवी ती नोंद मागवता येत नाही. फाइल उघडायची, ठरावीक जागी जायचे, इतके बाइट वाचायचे, असे सगळे सांगावे लागते. मग फाइल असूनही ॲरेसारखी वागेल, अशी एखादी वस्तू आपल्याला बनवता आली तर?

ही इच्छा जुनी आहे. १९५६ साली आयबीएम कंपनीने रॅमॅक हा पहिला डिस्कवाला संगणक विक्रीस आणला. त्याच्या डिस्कवर पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांत मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. १९६२ च्या सुमारास मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि सहकाऱ्यांनी ॲटलास संगणक उभा केला. त्यात फिरत्या पिंपावरची सावकाश स्मृती आणि चुंबकीय कड्यांची वेगवान स्मृती यांचा मिळून एकच सलग साठा आहे, असे आज्ञावली लिहिणाराला भासत असे. कोणता भाग कुठे आहे, हे यंत्र स्वतः पाही. स्क्रिप्टिंग भाषांत हेच काम एखाद्या पानभर आज्ञांत करता येते. पर्ल भाषेच्या २००२ सालच्या ५.८ या आवृत्तीबरोबर मार्क जेसन डॉमिनस यांचे टाय-फाइल नावाचे साधन येऊ लागले. त्यात मजकुराच्या फाइलची प्रत्येक ओळ ॲरेचे एक घर होते. ओळी लहानमोठ्या असल्यामुळे गुणाकाराने जागा काढता येत नाही. म्हणून कोणती ओळ कुठे सुरू होते याचे कोष्टक ते साधन मनात ठेवते. मधल्या ओळीत एक अक्षर वाढवले, तर पुढचा सगळा मजकूर सरकवावा लागतो.

आम्ही ही कटकट टाळली. आमची प्रत्येक नोंद बरोबर ६४ बाइटची : तारखेला १०, पावसाला ६, शेऱ्याला ४७ आणि ओळ संपल्याच्या खुणेला १. पायथनमध्ये आपण स्वतः एक क्लास लिहू शकतो. (त्याला ‘वर्ग’ म्हटले तर आपल्या वाचकांसमोर फळा आणि बाके येतील, म्हणून क्लासच म्हणू.) त्या क्लासच्या वस्तूपुढे चौकटी कंसात क्रमांक लिहिला की पायथन गुपचूप त्या क्लासमधले गेटआयटम नावाचे फंक्शन बोलावतो. कंसातल्या घरात काही ठेवायला सांगितले तर सेटआयटम, आणि लांबी विचारली तर लेन. ही तीन फंक्शने लिहिली की फाइल ॲरेच्या वेषात वावरू लागते. नोंदी[२६२१] असे लिहिले की ५ ऑगस्ट २०१९ ची नोंद हातात. १ जून २०१२ शून्य धरून हा क्रमांक बरोबर येतो का, ते मुलांना मोजायला सांगा. २०१६ चे लीप वर्ष विसरणारे बरेच निघतील.

कोणी म्हणेल, अकरा वर्षांच्या ४०१७ नोंदी म्हणजे अवघे अडीच लाख बाइट. आजच्या संगणकाच्या मेमरीत त्या सहज मावतील. मग डिस्कचा खटाटोप कशाला? म्हणणे रास्त आहे. जागा वाचवणे हा आमचा हेतू नव्हताच. आमच्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल त्याचा नेम नसतो. टंकलेली नोंद त्याच क्षणी डिस्कवर जावी, एवढेच हवे होते. हा हेतू लक्षात ठेवा. आम्ही तो मध्येच विसरलो होतो.

चौकटी कंस एक गोष्ट मात्र झाकून ठेवतात. मेमरीतले घर उघडायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा असतो. हवा तो भाग वाचकाच्या खाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा वाट पाहावी लागते, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. हे चाळीस हजार पटींचे अंतर आहे. न फिरणाऱ्या नव्या डिस्कमध्ये ते पुष्कळ कमी झाले असले, तरी शेकडो पटींचे आहेच. लिहिताना दोन्ही ठिकाणी कंस तोच.

आवरसावर म्हणजे काय?

आमची आज्ञावली चालत होती, पण वाचवत नव्हती. २०१६ साली घाईत लिहिलेली. त्यात क, ख, टेंप अशी नावे, ६४ हा आकडा जागोजागी, आणि फाइल उघडण्या-मिटण्याच्या त्याच त्या ओळी प्रत्येक फंक्शनात. २०१८ च्या उन्हाळी सुट्टीत फाइलच्या सुरुवातीला आम्ही ३२ बाइटची मथळ्याची ओळ घातली. फाइल कशाची आणि पहिली तारीख कोणती, एवढेच तिच्यात होते. मथळा आला म्हणजे सगळ्या नोंदी ३२ बाइटनी पुढे सरकल्या, आणि गणितही बदलावे लागले.

दोष शोधायचा तर आधी आज्ञावली वाचता आली पाहिजे, म्हणून आवरायला बसलो. या कामाला इंग्रजीत रिफॅक्टरिंग म्हणतात. विल्यम ऑपडाइक यांनी इलिनॉय विद्यापीठात १९९२ साली यावर प्रबंध लिहिला आणि मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या पुस्तकाने हा शब्द सर्वत्र गेला. व्याख्या कडक आहे : आज्ञावलीची आतली मांडणी बदलायची, बाहेरून दिसणारे वागणे तसूभरही बदलायचे नाही. फाउलर यांनी केंट बेक यांची एक कल्पना सांगितली आहे. काम करताना आपण दोन टोप्या आलटून पालटून घालतो, एक आवरण्याची आणि एक नवे काही करण्याची. एका वेळी डोक्यावर एकच. दिवाळीच्या आधी घर आवरताना कपाट पुसायला घेतले आणि त्याच दमात त्याचा मोडका कप्पाही दुरुस्त करू लागलो, की संध्याकाळी पसारा दुप्पट झालेला असतो. तसेच हे.

वागणे बदलले नाही हे कसे कळणार? त्यासाठी आधी चाचण्या लिहायच्या. पायथनबरोबर २००१ पासून यूनिटटेस्ट नावाची सोय येते. तिच्या साहाय्याने आम्ही एका तात्पुरत्या फाइलवर (खऱ्या फाइलला हात लावायचा नाही, तिची प्रत आधी काढून ठेवायची) तीन नोंदी लिहिल्या. मधली पुसली आणि तपासले : पहिली आणि तिसरी जशीच्या तशी आहे का? मधली ‘नोंद नाही’ असे सांगते का? सर्व चाचण्या उत्तीर्ण. निःशंक मनाने आवरायला घेतले.

चौथी प्रत

नोंदीची जागा काढणारे गणित क्लासमध्ये चार ठिकाणी होते. खाली ती चार फंक्शने मराठीत मांडली आहेत. पायथनचे राखीव शब्द रोमन लिपीतच टंकावे लागतात. आपण दिलेली नावे मात्र २००८ च्या पायथन ३ पासून देवनागरीत चालतात.

घे (क्र) : ३२ + क्र × ६४ या जागी जा, ६४ बाइट वाच.
ठेव (क्र, नोंद) : ३२ + क्र × ६४ या जागी जा, नोंद लिही.
जोड (नोंद) : ३२ + लांबी × ६४ या जागी जा, नोंद लिही.
पूस (क्र) : क्र × ६४ या जागी जा, ६३ मोकळ्या जागा आणि ओळीची खूण लिही.

‘पूस’ घर काढून टाकत नाही, नुसते रिकामे करते. तसे केले नाही तर पुढच्या सगळ्या तारखा एकेक दिवस मागे येतील. शिवाय पावसाच्या हिशेबात ‘शून्य’ आणि ‘नोंद नाही’ यांत मोठा फरक आहे. भारतीय हवामान खाते २.५ मि.मी. किंवा अधिक पाऊस झालेल्या दिवसाला पावसाचा दिवस मानते. शंकास्पद आकडा पुसण्याऐवजी शून्य घातले तर पावसाचे दिवसच कमी होतील.

चारही ठिकाणचे गणित उचलून ‘स्थान’ नावाच्या एकाच फंक्शनात ठेवायचे आणि चौघांनी त्याला विचारायचे, ही आवरसावरीतली अगदी पहिली पायरी. तीन ठिकाणी काम सरळ झाले. चौथ्या ठिकाणी हात थबकला. ‘पूस’मध्ये ३२ नव्हते. मथळा घातला तेव्हा आम्ही तीन जागा बदलल्या होत्या आणि क्वचित लागणारी चौथी विसरलो होतो.

पण मग चाचणी उत्तीर्ण कशी झाली? आणि पाच वर्षे कुणाच्या लक्षात कसे आले नाही? कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आपणही बसा, सातवीची मुलेसुद्धा हे गणित करू शकतील.

क्रमांक २६२२ ची नोंद, म्हणजे ६ ऑगस्ट २०१९. तिची खरी जागा ३२ + २६२२ × ६४ = १६७८४०. ‘पूस’ मात्र गेले १६७८०८ या जागी, बरोबर अर्धी नोंद आधी. तिथून त्याने ६४ बाइट लिहिले. त्यांतल्या पहिल्या ३२ बाइटनी आदल्या दिवसाच्या नोंदीचा उत्तरार्ध पुसला आणि उरलेल्या ३२ नी २६२२ चा पूर्वार्ध. पूर्वार्धात तारीख आणि पाऊस असतो. तारीख कोरी दिसली की ‘घे’ म्हणते, नोंद नाही. म्हणजे जे पुसायचे ते पुसल्यासारखे दिसले! नुकसान झाले ते शेजाऱ्याचे. आदल्या दिवसाची तारीख आणि पाऊस शाबूत राहिला. शेऱ्याचे पहिले १६ बाइट तेवढे वाचले आणि बाकीचे गेले. ओळीची खूणही भलत्या जागी गेली. म्हणून एक ओळ ९६ बाइटची आणि पुढची ३२ ची झाली होती. डोळ्यांसमोर असलेला पुरावा आम्ही पाहिला नव्हता, तो हाच.

आता १६ बाइटमध्ये किती मराठी मावते? युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, मात्रा, हलन्त हीसुद्धा वेगळी चिन्हे. ‘ओढ्याला पूर’ मध्ये डोळ्यांना पाच अक्षरे दिसतात, पण चिन्हे आहेत ओ, ढ, हलन्त, य, काना, ल, काना, मोकळी जागा, प, ऊकार, र अशी अकरा. मोकळ्या जागेला एक बाइट, बाकी दहांना तीन-तीन, एकूण ३१. त्यांतले १६ ठेवले तर ‘ओढ्या’चे १५ होतात आणि सोळावा म्हणजे ‘ल’चा तोडलेला एक तृतीयांश. असा अर्धवट तुकडा वाचताना पायथन हात वर करतो. चौकटीतले प्रश्नचिन्ह तेच होते. (१९९१ च्या इस्की या भारतीय मानकात एका चिन्हाला एकच बाइट असे. त्या काळातल्या फाइलमध्ये हाच शेरा ११ बाइटांत बसला असता आणि ही चूक दिसलीही नसती.)

‘गारा’ किंवा ‘धुके’ यांना १२ बाइट लागतात. असे शेरे अपघातातून सहीसलामत सुटले. आमच्या चाचणीतल्या पहिल्या नोंदीचा शेरा होता ‘गारा’! म्हणूनच ती उत्तीर्ण झाली. ‘विजा व गारा’ २९ बाइटचा. त्याचे पहिले १६ म्हणजे नेमके ‘विजा व’. येथे अक्षर मध्ये तुटत नाही, त्यामुळे आज्ञावली अडखळतही नाही. शेरा बिनबोभाट अपुरा होतो. आमच्या मते हा प्रकार ‘ओढ्या’पेक्षा वाईट. आणखी एक गोष्ट मग ध्यानात आली. नोंद पुसावी लागते ती बहुधा अतिवृष्टीच्या वेळी. आमच्या पर्जन्यमापकाचे तोंड २०० चौरस सेंटिमीटरचे आणि बाटली ४ लिटरची. भागाकार केला की २० सेंटिमीटर, म्हणजे २०० मि.मी. पावसाला बाटली भरते. ६ ऑगस्टला सकाळी ती भरून वाहत होती, आकड्याला अर्थ नव्हता, म्हणून तो पुसला. आणि पुसला गेला आदल्या दिवसाचा पूर. म्हणजे जे शेरे सर्वांत मोलाचे, नेमके तेच या दोषाच्या वाटेत येत होते.

टोपी कोणती?

येथे एक प्रामाणिक अडचण आली. ‘पूस’ला ‘स्थान’ कडे पाठवले की त्याचे वागणे बदलते, आणि आवरताना वागणे बदलायचे नाही असा तर नियम. आम्ही नियम पाळला. ‘पूस’ची ओळ होती तशी सोडली, बाकीचे आवरून चाचण्या चालवल्या आणि मग टोपी बदलली. आधी चाचणी कडक केली. शेरे पूर्ण ४७ बाइट भरलेले, आणि तुलना नुसत्या वाचलेल्या नोंदींची नव्हे तर फाइलमधल्या एकूण एक बाइटची. ती अनुत्तीर्ण झाली. मग ‘पूस’ला ‘स्थान’ वापरायला लावले, उत्तीर्ण. हे दोन टप्पे एकत्र केले असते तर दहा मिनिटे वाचली असती, पण दोष खरोखर हाच होता आणि याच बदलाने गेला, हे खात्रीने सांगता आले नसते.

‘स्थान’ एकटे झाल्यावर इतर गोष्टी आपोआप सुचल्या. क्रमांक मर्यादेत आहे का, हे आता एकाच जागी तपासता येते. पूर्वी हे कुठेच तपासले जात नव्हते. फाइलच्या शेवटापलीकडे वाचायला सांगितले तर पायथन कुरकुर करत नाही, शून्य बाइट देतो. आमच्या ‘घे’ला तारीख कोरी दिसे आणि ते ‘नोंद नाही’ म्हणे. आता गंमत अशी की अशा क्लासवर ‘प्रत्येक नोंदीसाठी’ अशी पुनरावृत्ती लिहिली की पायथन ०, १, २ असे क्रमांक देत जातो आणि ‘क्रमांक मर्यादेबाहेर’ ही हाक येईपर्यंत थांबत नाही. आमचा क्लास ती हाक कधीच देत नसल्यामुळे पुनरावृत्ती अखंड चालली असती. आम्ही सगळीकडे लांबी मोजून पुनरावृत्ती लिहीत असू, म्हणून वाचलो. ऋण क्रमांकांचेही तसेच. पायथनच्या स्वतःच्या रांगेत, म्हणजे लिस्टमध्ये, उणे एक म्हणजे शेवटचे घर. आमच्याकडे उणे एकची जागा ३२ − ६४ = उणे ३२ निघे आणि आज्ञावली कोसळे. ॲरेचा वेष घ्यायचा तर चालही ॲरेची हवी. आता उणे एकला कालची नोंद मिळते.

६४, ३२, ४७ यांना नावे दिली. शेरा बाइटांत बदलून मोकळ्या जागांनी भरण्याचे काम ‘ठेव’ आणि ‘जोड’ या दोघांत वेगवेगळे होते, ते एकत्र आणले. तेव्हा दिसले की लांब शेरा ४७ व्या बाइटवर डोळे मिटून कापला जात होता. ४७ म्हणजे पंधरा चिन्हे आणि वर दोन बाइट. सलग देवनागरी शेरा लांब असेल तर हमखास तुटणार. चिन्हाच्या सीमेवर कापता येईल, पण मग हलन्त लोंबकळत राहण्याचा धोका. आम्ही कापणेच बंद केले. शेरा मावत नसेल तर आज्ञावली तसे सांगते आणि मुले तो आखूड करतात. दुसऱ्याच्या मजकुराला यंत्राने न सांगता कात्री लावू नये, असे आमचे मत आहे.

चाचणीला न दिसलेला बदल

शेवटी राहिले फाइल उघडणे-मिटणे. दर नोंदीला फाइल उघडायची, लिहायचे, मिटायची. हे ओंगळ दिसत होते आणि हळूही होते. म्हणून क्लासची वस्तू तयार होताना फाइल एकदाच उघडायची आणि काम संपल्यावर मिटायची, असे केले. फंक्शने निम्म्याने आखूड झाली, वेग वाढला, सगळ्या चाचण्या उत्तीर्ण. आम्ही खूश.

दोन दिवसांनी वीज गेली आणि त्या सकाळच्या टंकलेल्या नोंदी फाइलमध्ये नव्हत्या.

कारण असे. पायथन लिहायला दिलेला मजकूर लगेच पुढे पाठवत नाही. तो मेमरीत थोडा साठवतो आणि पुरेसा जमला किंवा फाइल मिटली की पाठवतो. एकेक रुपयासाठी बँकेत न जाता गल्ला भरल्यावर जावे, तसे. जुनी ओंगळ पद्धत दर नोंदीला फाइल मिटत होती, म्हणजे दर नोंदीला गल्ला रिकामा करत होती. तो तिचा गुण होता, आणि तो आम्ही आवरताना केरात टाकला. चाचण्यांना हे दिसणे शक्य नव्हते. त्याच उघड्या फाइलमधून परत वाचले की पायथन गल्ल्यातलेही मोजून देतो.

खरे तर जुनी पद्धतही पूर्ण निर्धोक नव्हती. पायथनने पाठवलेला मजकूर संगणकाची कार्यप्रणालीही काही काळ स्वतःच्या मेमरीत ठेवते आणि सवडीने डिस्कवर नेते. तेव्हा दोन आज्ञा लागतात : फ्लश, म्हणजे पायथनने आपला गल्ला रिकामा करावा, आणि एफसिंक, म्हणजे कार्यप्रणालीने तो डिस्कवर पोचवूनच परत यावे. एफसिंकला वेळ लागतो, पण दिवसाला एक नोंद लिहिणाऱ्याला त्याचे काय? तोवर लिहिण्याचे काम एकाच फंक्शनात आलेले असल्यामुळे या दोन ओळी एकाच जागी घालाव्या लागल्या. चार जागी घालायच्या असत्या तर आम्ही कोणती विसरलो असतो, ते वाचकांनी ताडले असेलच.

वर्गात हे करून पाहायचे असेल तर डिस्क, क्लास काही नको. चौकटीच्या कागदाची एक लांब पट्टी घ्या. पहिले चार चौकोन मथळ्यासाठी सोडा. पुढे आठ-आठ चौकोनांत एकेका मुलाचे नाव, एका चौकोनात एक चिन्ह, उरलेले कोरे. आता एका मुलाला ‘क्रमांक गुणिले आठ’ एवढाच नियम सांगून तिसरे नाव खोडायला सांगा. शेजारचे आखूड नाव कसे वाचते आणि लांब नाव कसे अर्धे होते, हे मुलांना लगेच दिसेल. ‘ज्ञानेश्वरी’ला किती चौकोन लागतात यावर वाद होईल, तो होऊ द्यावा.

२०१८ पासून एकूण अकरा नोंदी पुसल्या गेल्या होत्या. त्यांच्या आदल्या दिवशी शेरा होता अशा सात. तीन आखूड शेरे वाचले होते, चार तुटले होते. कागदी वह्या जपलेल्या असल्यामुळे मुलांनी चारही शेरे पुन्हा टंकले, आणि ज्या मुलांवर आम्ही संशय घेतला होता, त्यांच्यापैकी जे अजून शाळेत आहेत त्यांना आम्ही तसे सांगितले. ‘पूर’ शोधल्यावर आता ५ ऑगस्ट २०१९ येतो. ६ ऑगस्टचे घर मात्र रिकामेच आहे. बाटली भरून वाहिल्यावर आणखी किती पाऊस पडला, ते त्या वहीतही लिहिलेले नाही.